कान दुखणाऱ्यांची खोली

एका उन्हाळ्यात आमच्या दवाखान्यात कान दुखतो म्हणून आलेला प्रत्येक तरुण लंगडत बाहेर पडत असे. हे वाचून ज्यांना हसू आलं त्यांनी जरा थांबावं, कारण ते लंगडणं मीच त्यांना देत होतो आणि त्यामागे आमच्या डॉक्टरांचं आणि माझं मोठं राजकारण होतं.

मी कंपाउंडर होतो. चांदा जिल्हा तेव्हा एकच होता. चंद्रपूर आणि गडचिरोली अशी वाटणी व्हायला पुष्कळ वर्षं होती. नागभीडला रेल्वेतून उतरायचं, बैलगाडीनं अर्धा दिवस धानाच्या बांध्यांमधून हिंदकळत जायचं, की आमचं गाव. गावाचं नाव सांगणार नाही. त्या वेळचे पोट्टे आता आजोबा झालेत आणि सुनांसमोर मिशीला पीळ देतात. त्यांची नावंही मी बदलली आहेत. ही सवय मला उशिरा लागली, पण लागली ती कायमची.

नव्या पिढीला कंपाउंडर म्हणजे गोळ्यांची पाकिटं मोजून देणारा माणूस वाटतो. आमच्या वेळी औषध करावं लागे. डॉक्टर चिठ्ठी लिहीत आणि मी खलात कुटून, बरण्यांतून मापून, पाण्यात घोटून औषध बनवी. बाटली रोग्यानं घरून आणायची. ती कधी रॉकेलची असे, कधी अत्तराची, आणि एकदा एकानं मोहाच्या दारूची आणली, तीही अर्धी भरलेली. बाटलीला मी कागदाची कातरलेली पट्टी चिकटवी, एका खाचेपर्यंत एक डोस. शिवाय काचेची पिचकारी स्टोव्हवर उकळायची, सुई दगडावर घासून धार लावायची आणि टोचायची. ‘कंपाउंडरभाऊचा हात हलका हाय’ असं लोक माझ्या तोंडावर म्हणत. पाठीमागे काय म्हणत ते मी कधी विचारलं नाही.

हात हलका असेल, पण आवाज जड होता. आमच्या झाडीपट्टीच्या मुलखात शंकरपट, म्हणजे बैलांच्या शर्यती, झाल्या की नाटक व्हायचंच, आणि त्यात राक्षस, दुष्ट राजा आणि यमराज ही कामं माझी ठरलेली. ध्वनिक्षेपक नव्हता. सगळ्यात मागे झाडावर चढून बसलेल्यालाही ऐकू जावं असं बोलायची गळ्याला सवय लागली, ती घरी सुटेना आणि दवाखान्यातही सुटेना. बायको म्हणायची, तुमच्याशी भांडायचं म्हणजे गावाला आवतण दिल्यासारखंच आहे.

दवाखान्यात मात्र या आवाजाचा उपयोग होई. औषध झालं की खिडकीतून पुकारायचं. नुसतं नाव पुकारून भागत नसे, कारण एका बाकावर तीन-तीन सीताबाई. मग मी रोगासकट हाक मारी. ‘हगवणवाली सीताबाई!’ ‘खरूजवाले नामदेव!’ कोणाला काही वाटत नसे. खरूज सगळ्यांनाच होती.

पण काही आजार असे असतात, की ते बाकावरच्या मंडळींना कळले तर रोगाआधी माणूसच संपतो. हिवाळ्यात आमच्याकडचे तरुण आलापल्लीच्या जंगलात सागवान तोडायला जात. तोडीसाठी आखून दिलेल्या जंगलाच्या तुकड्याला कूप म्हणतात. पोट्टे महिनोन्‌महिने त्या कुपात राहत. फाल्गुनात मजुरी घेऊन परतताना वाटेत स्टेशनाच्या गावी थांबत, दारू पीत, आणि दारूनंतर जे घरी सांगता येत नाही तेही करीत. गावात येईपर्यंत मजुरी संपलेली असे आणि गरमी सोबत आलेली असे. ज्या गुप्तरोगात आधी जखम होते आणि मग अंगावर चट्टे उठतात त्याला आमच्याकडे गरमी म्हणत. लघवीला आग होऊन पू जातो, तो परमा.

विदर्भ मुंबई राज्यात गेला आणि त्यापाठोपाठ आमच्याकडे साताऱ्याकडचे एक तरुण डॉक्टर बदलून आले. माणूस सोन्यासारखा, पण आमची बोली त्यांना नवी. चैत्रातल्या एका दुपारी एक पोट्टा आला आणि खाली मान घालून म्हणाला, “मले गरमी झाली जी.” डॉक्टर कपाळाचा घाम पुसत म्हणाले, “मलाही झालीय हो. खिशात कांदा ठेवत जा आणि ताक प्या.” त्या आठवड्यात तिघे जण कांद्याचा सल्ला घेऊन परत गेले. चौथ्या वेळी मला राहवलं नाही. मी डॉक्टरांना बाजूला नेऊन गरमीचा अर्थ सांगितला. बाजूला नेऊन म्हणजे माझ्या हिशेबानं बाजूला. बाकावरच्या दोन म्हाताऱ्यांनी पदर तोंडाला लावला.

डॉक्टर खुर्चीत बसूनच राहिले. “मग ते नीट सांगत का नाहीत?” त्यांनी विचारलं.

“दार उघडं, समोर बाक, बाकावर त्याची मावशी,” मी म्हणालो. “काय सांगणार?”

दुसऱ्याच दिवशी सुखदेव आला. सुखदेव ढिवराचा पोरगा, वीस-एकवीस वर्षांचा, तलावात मासे धरणारा आणि हिवाळ्यात कुपात जाणारा. शेजारच्या टोलीवरच्या, म्हणजे लहान वस्तीवरच्या, कवडूजीच्या पोरीशी, यमुनेशी, त्याचं लग्न ठरलं होतं आणि एकवीस दिवसांवर आलं होतं. या वेळी डॉक्टर सावध होते. त्यांनी दार लावलं, पोराला हळू आवाजात सगळं विचारलं, तपासलं, धीर दिला. रोज एक अशी दहा दिवस पेनिसिलिनची सुई, एकही चुकवायची नाही, आणि ती पूर्ण झाल्याशिवाय लग्न नाही, असं बजावलं. त्यानं मान डोलावली. मग त्यांनी चिठ्ठी लिहून माझ्याकडे पाठवली.

मी चिठ्ठी वाचली आणि माझ्यातला यमराज खिडकीत आला. “गरमीच्या सुईवाला सुखदेव! कुठी हाय सुखदेव?”

बाकावर त्याच्या सासुरवाडीची, टोलीवरची, एक बाई बसली होती. सुखदेवनं तिच्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि कुंपणावरून उडी मारली. धोतराचा सोगा काट्याला अडकून राहिला तो त्यानं सोडवलासुद्धा नाही. मी लगेच त्या बाईला म्हणालो, “बिचाऱ्याले ऊन लागलं.” ती म्हणाली, “कालदी माह्या जावालेबी लागलं बापा, लय गरमी हाय औंदा.” चैत्र होता म्हणून वाचलो; पौषात असतो तर त्या पोराचं लग्न तिथंच मोडलं असतं.

डॉक्टर मला ओरडले नाहीत. ओरडले असते तर बरं झालं असतं, त्या विषयात मी त्यांना हार गेलो नसतो. ते शांतपणे म्हणाले, “गोविंदराव, तो पोरगा आता परत यायचा नाही. तो कुठल्यातरी वैदूकडे जाऊन पाऱ्याची धुरी घेईल, नाहीतर काहीच न करता बोहल्यावर चढेल. त्याचं जे व्हायचं ते होईल. पण त्या मुलीचं काय? तिनं काय केलंय? तिला होईल, उद्या तिच्या पोटच्या मुलाला होईल. आणि ते तुमच्या त्या एका हाकेमुळं.”

मला त्या दिवशी जेवण गेलं नाही. इतकी वर्षं मी माझ्या आवाजाचं कौतुक ऐकत आलो होतो. हाकेनं कोणाचं घर बुडू शकतं हे मला कोणी सांगितलंच नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी तलावावर गेलो. आमच्याकडचे हे जुने मालगुजारी तलाव, चैत्रातही कमरेइतकं पाणी धरतात. सुखदेव मधोमध जाळं घेऊन उभा होता. मला पाहताच आणखी आत सरकला.

“सुखदेव,” मी माझ्या मते कुजबुजलो, “ये ना बाहीर.”

पाळीवरचे बगळे उडाले.

“तुमी जा जी!” तो तिकडून म्हणाला. “दवंडी पिटता तुमी. मले नाई येवाचं.”

इलाज नव्हता. मी चप्पल काठावर ठेवली आणि धोतरानिशी पाण्यात शिरलो. दोनदा गाळात पाय फसून आडवा झालो, नाकातोंडात आणि कानांत पाणी गेलं. शेवटी त्याच्यापाशी पोचलो आणि त्याच्या कानाला तोंड लावून बोललो. माणसाशी खरोखर हळू बोलण्याचा माझ्या आयुष्यातला तो पहिला प्रसंग.

“चुकलो बापा,” मी म्हणालो. “पण तू सुई घे.”

“कसा येऊ? दहा रोज दवाखान्यात गेलो तं लोकं विचारतीन ना, काऊन जाऊन राह्यला म्हून? माहा सासरा तं रोज विचारन. काय सांगू?”

“तुले यमुना पसंत हाय का नाई?”

तो जाळ्याची दोरी बोटाला गुंडाळत म्हणाला, “पसंत हाय म्हून तं भेव लागते. लगन मोडलं तं मी जगत नाई. अन नाई मोडलं तं तिले…” पुढचं त्याला बोलवेना. डॉक्टर सांगत होते तेव्हा त्यानं सगळं नीट ऐकलं होतं, हे मला तेव्हा कळलं.

मी विचार करत मान वाकडी करून कानातलं पाणी झटकत होतो. एका पायावर उड्या मारत होतो, तरी ते निघेना. सुखदेव म्हणाला, “आमचं रोजचंच हाय हे. ढिवराचे कान हमेशाच दुखते.”

मी उडी मारता मारता थांबलो. “मंग हेच सांग ना! कान दुखते म्हून सांग!”

त्यानं माझ्याकडे अशा नजरेनं पाहिलं, जणू पाणी माझ्या डोक्यातच शिरलं आहे. पण मग तो हसला.

डॉक्टरांना ही युक्ती इतकी आवडली की त्यांनी तिच्यावर इमलाच बांधला. कान तपासायचा म्हणजे अंधार लागतो, म्हणजे पडदा लावता येतो. पट्ट्यांची खोकी ठेवायची एक खोली मागे होती, तिला मोहाच्या झाडाकडे उघडणारं दार होतं. ती रिकामी केली. आत एक स्टूल, एक बाकडं, पाण्याचा माठ. डॉक्टरांनी मला नियम सांगितले. आलेल्याला बापाचं नाव विचारायचं नाही. जात, गोत विचारायचं नाही. ‘असं कसं केलं रे’ म्हणायचं नाही. आधी बसवायचं, पाणी द्यायचं, मग त्याला वाटेल तेव्हा तो बोलेल. “चोर पकडल्यासारखं नाही, गोविंदराव. घरी पाहुणा आल्यासारखं.” नोंदवहीतही रोगाचं नाव लिहायचं नाही. गरमी असेल तर ‘उजवा कान’ आणि परमा असेल तर ‘डावा कान’.

सुखदेवनं कुपातल्या सोबत्यांना ही गोष्ट, उजव्या-डाव्या कानासकट, सांगितली, त्यांनी त्यांच्या सोबत्यांना सांगितली, आणि आमच्याकडे तरुण कानांची रीघ लागली. लांबच्या गावांहून पोट्टे चालत येत. कोणी कान दाबून धरलेला असे, कोणी हौसेनं फडकंही बांधून येई. एक जण बराच वेळ स्टुलावर बसून म्हणाला, “दोन्ही कान हायेत जी माहे.” आम्ही दोन्ही लिहिले. पेनिसिलिन तेव्हा दुधासारखं पांढरं आणि पाकासारखं घट्ट येई, सुईतून लवकर उतरत नसे, म्हणून एकेक जण लंगडत बाहेर जाई. कानाच्या रोगात पाय का ओढतो, हे बाकावरच्या म्हाताऱ्यांना काही उमगेना. वर्दी वरपर्यंत गेली असावी, कारण एके दिवशी जिल्ह्याहून कानात घालायच्या थेंबांची एक पेटी आली, आम्ही न मागता.

सुखदेवच्या तीन सुया झाल्या. चौथ्या दिवशी डॉक्टर देवीच्या लसीसाठी दुसऱ्या गावी गेले होते आणि मी एकटा होतो. तेवढ्यात कवडूजी आला. कवडूजी म्हणजे सुखदेवचा होणारा सासरा. पन्नाशीचा, गळ्यात तुळशीची माळ, पंचायतीत ज्याचा शब्द चाले असा मानाचा माणूस.

“कंपाउंडरभाऊ,” तो म्हणाला, “उजवा कान लय दुखून राह्यला.”

माझ्या हातातली बरणी पडता पडता वाचली. या वयात! माळकरी माणूस! पण डॉक्टरांचे नियम पक्के होते. मी तोंडावर काही दिसू दिलं नाही, त्याला खोलीत नेलं, पडदा ओढला, बसवलं, पाणी दिलं.

“बरं केलं आलात ते,” मी म्हणालो. “लाजू नका. इथलं इथंच राहते. कधीपासून?”

“चार रोज झाले. पू येते.”

“जखम म्हटली की येणारच. कोणाकडून लागलं?”

“घरवालीनंच केलं ना बापा हे.”

मी हादरलो. पण पाहुणा आल्यासारखं वागायचं होतं. “मंग त्याईलेबी आणा. त्याईलेबी सुई द्या लागते.”

“तिले कायले? तिचा कान चांगला हाय!”

“वरून चांगलं दिसते भाऊ. आतून राहते. धोतर सोडा.”

कवडूजी माझ्याकडे पाहत राहिला. “कानाले धोतर काऊन सोडा लागते?”

“सुई तिथंच बसते,” मी म्हणालो. आणि सरकारी दवाखान्यावर या माणसाचा विश्वास बघा, त्यानं उसासा टाकून धोतर सैल केलं आणि बाकड्यावर पालथा पडला. मी सुई टोचली. घट्ट औषध हळूहळू उतरत होतं आणि तेवढ्यात मागचं दार उघडून सुखदेव आत आला. रोजची सवय झालेली, त्यामुळे धोतराचा कासोटा त्यानं दारातच सोडला होता.

सासऱ्यानं मान वळवून जावयाकडे पाहिलं. जावयानं सासऱ्याकडे पाहिलं. दोघांचीही धोतरं जागेवर नव्हती. माझ्या हातात पिचकारी होती आणि माझा घसा, जो कधीही बसला नव्हता, तो बसला.

“का जावई,” कवडूजी शेवटी म्हणाला, “तुमचाबी कान?”

“हो जी,” सुखदेव म्हणाला.

“कोणता?”

“उजवा.”

“माहाबी उजवाच,” कवडूजी म्हणाला. “माह्या कानात बायकोनं कढत तेल टाकलं. तुमच्या तं अजून बायको नाई.”

तेल! मी दिवा घेऊन त्याच्या कानात पाहिलं. आत खरोखरचा पू होता. मी एका सज्जन माणसाला गरमीची सुई दिली होती आणि वर त्याच्या बायकोवर आळ घेतला होता. सुखदेव म्हणाला, “पाणी गेलं कानात, तलावातलं.” कवडूजीनं मान हलवली. ढिवराला यात शंका घेण्यासारखं काही नव्हतं. मी सुखदेवला सुई दिली, तेव्हा तो ‘आई गं’ म्हणाला ते सासऱ्यानं मनापासून सांभाळून घेतलं. “लय लागते का? मलेबी लागली.”

संध्याकाळी डॉक्टर परतले. मी सगळं सांगितलं. ते हसले, इतके हसले की पाणी प्यायला बसावं लागलं. मग गंभीर झाले. सुई एखाद्याला सोसत नाही, जीवावर बेतू शकतं, विचारल्याशिवाय कोणाला टोचायचं नाही, असं त्यांनी मला चांगलं खडसावलं, आणि ते मी खालमानेनं ऐकलं. पण शेवटी म्हणाले, “कानातल्या पुवालाही पेनिसिलिनच लागतं, गोविंदराव. देवानं तुमची लाज राखली. त्यांना आणखी चार द्या.”

दोन दिवसांत कवडूजीचा कान मोकळा झाला. गावातला मानाचा माणूस बरा झाला म्हणजे ती बातमी राहत नाही, ती कीर्ती होते. पारावर बसून तो सांगू लागला, “काय दवा हाय बापा! सुई खाली देते अन कान वर मोकळा होते!” आणि जावयावर त्याचा विशेष जीव जडला. एकच दुखणं, एकच कान, एकच सुई. रोज सकाळी तो बैलांची बंडी जुंपून स्वतः सुखदेवला घेऊन यायचा. सातव्या दिवशी सुखदेव कुठल्याशा पाहुण्याच्या सरबराईत अडकला आणि आज राहू द्या म्हणाला, तर कवडूजीनं त्याचा दंड धरून त्याला बंडीत घातलं. “लगनात वाजंत्री आयकू आली पायजे ना तुमाले? चला!” त्याची स्वतःची पाच इंजेक्शनं संपली तरी तो येतच राहिला, जावयाच्या दहा पूर्ण होईपर्यंत. जगात कुठल्या सासऱ्यानं जावयाचा गुप्तरोग इतक्या निष्ठेनं बरा करवून घेतला असेल, मला माहीत नाही. दहावी सुई झाली तेव्हा लग्नाला आठवडाभर उरला होता. डॉक्टरांनी त्याला पुन्हा तपासलं आणि त्याच्या पाठीवर थाप मारली.

लग्न झालं. मी जेवायला गेलो, वाजंत्री ऐकली, कवडूजीनं मला आग्रह करकरून वाढलं. डॉक्टर आणि मी दोघंही त्या दिवशी स्वतःवर फार खूश होतो. आम्ही एक पोरगा वाचवला, एक पोरगी वाचवली, आणि कोणाला कानोकान खबर लागू दिली नाही.

पुढे गावोगाव कीर्ती झाल्यामुळे खऱ्या कानांची गर्दी झाली. लहान पोरं, आज्या, सगळे त्या खोलीकडे येऊ लागले आणि आम्हाला तरुणांसाठी शब्द बदलून ‘दाढ’ करावा लागला. ती वेगळीच गंमत, पण तिथं मला थांबायचं नाही. मला यमुनेचं सांगायचं आहे.

पोळा होऊन गेला होता. यमुना बाजाराच्या दिवशी टोपलीत मासळी घेऊन दवाखान्यावरून जायची. तीनदा मी तिला फाटकाशी थांबलेलं पाहिलं आणि तीनदा ती परत गेली. मी विचारलं नाही. मला वाटलं, नवी सून आहे, लाजत असेल. चौथ्या वेळी सगळे रोगी निघून जाईपर्यंत ती मोहाखाली बसून राहिली आणि मग आत आली.

“काय यमुनाबाई,” मी हसत म्हणालो, “कान दुखते का?”

ती हसली नाही. “मले मालूम हाय जी सारं,” ती म्हणाली. “यायनं लगनाच्या आठव्या दिवशीच सांगतलं मले. रडून सांगतलं.”

मी हातातला खल खाली ठेवला.

“त्याईले तुमी दहा सुया देल्या. चांगलं केलं. बाबालेबी देल्या. मले कोणी काई विचारलं का?” तिचा आवाज चढला नव्हता. “मले दिवस गेले हायेत. चवथा महिना. रोज वाटते, माह्या पोटातल्याले तं काई नाई ना? कोणाले विचारू? सासूले विचारू? तुमची खोली पोट्ट्याईची. तिथी बाईनं पाय ठेवला तं गाव काय म्हणन?”

‘त्या मुलीचं काय’ असं डॉक्टरांनी मला विचारलं होतं, आणि त्याचं उत्तर म्हणून आम्ही तिच्या नवऱ्याला बरं केलं. तिला मात्र कोणी काही विचारलं नव्हतं. खोली केली, पडदा लावला, माठ ठेवला, नियम केले; सगळं करताना बाईमाणूस तिथं येईल असं आमच्यापैकी एकाच्याही मनात आलं नाही. चार महिने ती पोरगी एकटी भीत होती आणि मी तिला फाटकावरून परत जाताना पाहत होतो. याची मला आजही लाज वाटते.

मी माझ्या बायकोला बोलावून आणलं. ती यमुनेजवळ तिचा हात धरून बसली आणि डॉक्टरांनी रक्त घेतलं. तेव्हा ते नागपूरला पाठवावं लागे. मी स्वतः नागभीडपर्यंत बंडीनं जाऊन ती कुपी गाडीत चढवली. मग वाट पाहणं. बाजाराच्या दिवशी यमुना जायची, फाटकाशी क्षणभर पाय अडखळायचा, मी मान हलवून ‘अजून नाही’ सांगायचो आणि ती पुढे निघायची. असे तीन बाजार गेले. ती दिवसेंदिवस वाळत चालली होती आणि सुखदेव तर आमच्याकडे यायचंच टाळत होता.

चौथ्या बाजाराच्या आदल्या दिवशी टपाल आलं. रक्तात दोष नव्हता. डॉक्टरांनी तो कागद दोनदा वाचला आणि मग मला वाचायला दिला, जणू माझ्याकडून खात्री करून घ्यायची होती.

दुसऱ्या दिवशी यमुना आली तेव्हा मी तिला मागच्या दारानं नाही, पुढच्या दारानं आत घेतलं. डॉक्टरांनी सांगितलं, “तुला काही नाही, बाई. बाळालाही काही नाही.” ती खालीच बसली, जमिनीवर. पोटावर दोन्ही हात ठेवून रडत राहिली आणि माझी बायको तिच्या पाठीवरून हात फिरवत राहिली. डॉक्टर खिडकीबाहेर पाहत होते. मी स्टोव्ह पेटवायच्या निमित्तानं पाठ फिरवली.

डोळे पुसून ती उठली, टोपली उचलली आणि दारात थांबली.

“एक विचारू का जी?” ती म्हणाली. “बाहीर मोहाखाली तिघी बसल्या हायेत. त्याईचे नवरेबी आलापल्लीले होते. मी म्हटलं त्याईले, आधी मले जाऊन येऊ द्या, मंग तुमी पाहा. आणू का आत?”

डॉक्टर म्हणाले, “आण.”

तिघी आल्या. कोवळ्या पोरी, एकीच्या हातावरचा लग्नाचा चुडा अजून कोरा होता. दोघी बाकड्यावर बसल्या. तिसरी भिंतीला टेकून उभीच राहिली, काही केल्या बसेना. बसलं की सांगावं लागेल, असं तिला वाटत असावं.

“बाई,” मी म्हणालो, “काईच सांगू नको. पण बस.”

मग ती बसली.